विश्लेषण : पंडिता रमाबाईंना स्वतःच्याच मुलीसाठी का झगडावे लागले?

समलिंगी नात्यातील आईला मुलाचा ताबा द्यावा का, हा वाद १९७०च्या दशकापासून अमेरिका, ब्रिटनच्या न्यायालयांत गाजला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. अशा जोडप्यांना एकत्र दत्तक घेण्याची मुभाही बहुमताने नाकारली. आईचे जगणे रूढीत बसत नसेल तर ती आई म्हणून अपात्र, हा तर्क मात्र जुना आहे. नास्तिक विचारांमुळे अॅनी बेझंट यांची मुलगी १८७८ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने काढून घेतली होती. रमाबाईंचे प्रकरण न्यायालयात गेले नाही, पण प्रश्न तोच होता.

रमाबाई कोण होत्या?

जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी विवाह केला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. तान्ह्या मुलीसह त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला.

वाद काय होता?

१८८३ मध्ये मायलेकी इंग्लंडला गेल्या, तिथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमला शिकत-शिकवत होत्या, मुलगी वाँटेजच्या मठात. रमाबाईंना चर्चची काही मते पटत नव्हती. सिस्टर जेराल्डीन यांना मनोरमेवर तीच बिंबवायची होती. आश्रय मठाचा, पैसा मठाचा, तरी रमाबाई नमल्या नाहीत. मुलीला काय शिकवायचे हे आईच ठरवील, असे त्यांनी पत्रांतून बजावले. १८८६ मध्ये अमेरिकेला निघताना मनोरमा बरोबर होती. पुढे ती शिक्षणासाठी पुन्हा वाँटेजला गेलीही, पण आईच्या निर्णयाने.

पुण्यात काय उलटले?

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि शहर खवळले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. वाँटेजला रमाबाईंनी जो हक्क मागितला, तोच आता हे पालक त्यांच्याकडे मागत होते. फरक एवढाच, की यातल्या कित्येक मुलींना सासर-माहेरी पुन्हा विधवेचेच जिणे होते.

त्यानंतर रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभारले. मनोरमाबाई तिथे आईच्या बरोबरीने राबल्या. १९२१ मध्ये त्या वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.