हसवणाऱ्या माणसाचा रहस्यपट

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

मला जुन्या इंग्लिश गुन्हेपटांचं वेड. कॅरोल रीडचा 'द थर्ड मॅन' (1949) तर हॉस्टेलवर चारदा पाहिला. पुरलेला माणूस अंधारात जिवंत दिसतो, तिथे अजूनही काटा येतो. यवतमाळला आजोबांना हे कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी कपाटातून व्हीसीडी काढून हातात दिली. 'पाठलाग', 1964, दिग्दर्शक राजा परांजपे.

मी तर हे नावही ऐकलं नव्हतं. लाजच वाटली.

राजाभाऊंचा जन्म 1910 चा, मिरजेचा. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली ते शिकले. 1948 च्या 'जिवाचा सखा'पासून गदिमा आणि सुधीर फडके यांच्याशी त्यांची जोडी जमली. 1952 या एकाच वर्षात 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे'! आमचं एक सबमिशन वर्षभरात होत नाही. ते स्वतः अभिनयही करायचे. 'जगाच्या पाठीवर' (1960) मध्ये आंधळ्या मुलीला सांभाळणारा भटक्या तेच. सचिनला 'हा माझा मार्ग एकला' (1963) मधून पडद्यावर आणलं, तेही त्यांनीच.

आणि मग या हसवणाऱ्या-रडवणाऱ्या माणसाने रहस्यपट काढला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांसमोर मरते आणि नंतर पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते की मीच ती. काशिनाथ घाणेकर वकील, भावना ती बाई. थर्ड मॅनमधला मेलेला लपत फिरतो, इथली मेलेली भर कोर्टात हक्क मागते. मला तर हे जास्त भयानक वाटलं. सिनेमाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. 1966 मध्ये राज खोसलांनी त्यावरून 'मेरा साया' काढला. तो सगळ्यांना माहीत, मूळ मात्र विसरलं. 1979 मध्ये राजाभाऊ गेले.

खरी गंमत पुढेच. दुसरी सीडी ऐन उलटतपासणीत अडकली. साबणाने धुतली, पुसली, काही उपयोग नाही. आजोबांनी तो तरुणपणी टॉकीजमध्ये पाहिलेला, पण शेवट विचारला तर हिंदीतलाच सांगतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रोज फोनवर विचारतात, दुसरी सीडी मिळाली का?

तर सुट्टीत घरी जाल तेव्हा आपापल्या आजोबांची कपाटं जरा उघडा. सीडी ड्राइव्ह माझ्याकडे आहे.