जखमींची वाट न पाहता त्यांच्यापर्यंत गेलेला डॉक्टर : सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस

गेल्या मे महिन्यात मालवणजवळच्या एका गावात आम्ही निकाहाला गेलो होतो. मांडवामागे बिर्याणीची देग उतरवताना एका माणसाचा पाय घसरला आणि उकळते पाणी त्याच्या पायावर सांडले. कुणी टूथपेस्ट आणायला धावले, कुणी शाई, कुणी बर्फ. तेवढ्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली गावातलीच एक मुलगी पुढे आली. तिने सगळ्यांना बाजूला केले, नळाला पाइप लावून साधे गार पाणी वीस मिनिटे पायावर सोडत ठेवले, मग धुतलेल्या सुती कापडाने पाय सैलसर झाकला. तोवर दुसऱ्या एकाला १०८ वर फोन करायला लावले होते.

हीच मुलगी नर्सिंगला निघाली तेव्हा तिच्या अब्बांना चार जणांनी अडवले होते. मुलीने लोकांच्या जखमा का धुवायच्या, रात्रपाळी का करायची, असे म्हणणारे त्या दिवशी मांडवातच उभे होते. त्या रात्री घरी परतताना आम्हाला डॉ. कोटणीस आठवले. त्यांचे नाव आपण शाळेत ऐकतो, चीनला गेले आणि तिथेच वारले एवढे लक्षात ठेवतो. पण त्यांनी तिथे नेमके काय केले, ते आपल्या मुलांना सांगायला हवे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढे शिकावे, चांगली प्रॅक्टिस करावी, घराला हातभार लावावा, असा साधा सरळ रस्ता समोर होता.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली.

इथे आमच्या वाचकांना एक आठवण द्यावीशी वाटते. परक्या मुलुखातल्या जखमींसाठी हिंदुस्तानातून डॉक्टर जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९१२ च्या डिसेंबरात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी असेच एक वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते, बाल्कन युद्धातल्या जखमींच्या खिदमतीला. अन्सारी साहेबांची वाट आणि कोटणिसांची वाट एकच होती.

चीनमध्ये पोचल्यावर पथक चुंगकिंगला असताना कोटणिसांना वडील वारल्याची खबर मिळाली. परत जा, असे सोबत्यांनी सांगितले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. ते गेले नाहीत. १९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोचले. पुढे सोबती एकेक करून मायदेशी परतत गेले. कोटणीस मात्र बसूंबरोबर मागे राहिले आणि मग लढाईच्या तोंडावर असलेल्या उत्तरेच्या डोंगराळ भागात गेले.

त्या भागात त्यांच्या आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी काम उभे केले होते. जखमी दवाखान्यात येईपर्यंत डॉक्टरने वाट पाहायची नाही, डॉक्टरनेच जखमीकडे जायचे, हे त्यांचे तत्त्व. ऑपरेशनचे सामान खेचरावर लादायचे, लढाईपासून जवळच्या एखाद्या देवळात किंवा शेतकऱ्याच्या घरात टेबल मांडायचे आणि काम सुरू करायचे. यामागचे कारण अगदी साधे आहे. गोळी लागलेला माणूस रक्त जाऊन मरतो, नाहीतर जखम सडून मरतो. दोन्ही गोष्टी घड्याळावर चालतात. पेनिसिलीन तिथे पोचलेले नव्हते, म्हणून वेळेवर साफ केलेली जखम हेच सर्वात मोठे औषध होते. खुद्द बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले, ते ऑपरेशन करताना बोट कापून रक्तात विष भिनल्यामुळे.

१९४० च्या उन्हाळ्यानंतर त्या भागात मोठी मोहीम सुरू झाली. एका लढाईत कोटणीस आणि त्यांच्या माणसांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. सलग बहात्तर तास न झोपता ते ऑपरेशन करत होते, असे सांगतात.

एवढे जखमी एकदम आले तर एकटा सर्जन काही करू शकत नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. आधी कुणाला घ्यायचे, हे कुणीतरी ठरवावे लागते. जो मोठ्याने ओरडतो तो बहुतेक वेळा थांबू शकतो, आणि गप्प पडलेला, गार पडत चाललेला माणूस थांबू शकत नाही. मग कुणी रक्त थांबवते, कुणी मोडलेल्या हाडाला फळी बांधते, कुणी पाणी उकळते. ऑपरेशननंतर रात्रभर नाडी आणि पट्टी बघत बसणारे कुणी लागते. हे सगळे नर्सिंग आहे. सर्जनने वाचवलेला माणूस सकाळपर्यंत जिवंत ठेवायचा तो नर्सने.

कोटणिसांना हे पुरते कळले होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमले. तिथे त्यांनी उपचाराइतकेच शिकवण्याचे काम केले. चिनी भाषा शिकून घेतली आणि खेड्यातल्या पोरापोरींना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवले. सर्जरीचे पुस्तक लिहायला घेतले, ते अपुरे राहिले. लोक त्यांना के दिहुआ म्हणत. आम्ही शिक्षक आहोत म्हणून असेल, पण बहात्तर तासांच्या पराक्रमापेक्षा परक्या भाषेत वर्ग घेणारा हा माणूस आम्हाला जास्त मोठा वाटतो. एक डॉक्टर थकतो, पण त्याने शिकवलेले पन्नास जण पन्नास गावांत उभे राहतात.

तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन ही दोन्ही नावे जोडून त्याचे नाव ठेवले, यिनहुआ. तोवर कोटणिसांची तब्येत खालावली होती. अपस्माराचे झटके येत होते, तरी काम थांबले नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यात त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे.

त्यांची हकीकत हिंदुस्तानात घरोघर पोचवली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. क्वो छिंगलान पुढे सत्तर वर्षे जगल्या. अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. चीनमध्ये शिज्याज्वांग इथे कोटणिसांची कबर आहे, सोलापुरात त्यांचे स्मारक आहे.

आता आपल्याकडे बघू. आपल्या किनाऱ्यावर लढाई नाही, पण होडीवर स्टोव्ह भडकतो, महामार्गावर गाडी उलटते, बागेत फवारणी करताना विषबाधा होते, कातळावर साप चावतो. गंभीर रुग्णाला ओरोसला, नाहीतर थेट गोव्यात बांबोळीला न्यावे लागते. त्या वाटेवरची वेळ कुणाच्या हातात असते? जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या. भाजल्यावर गार पाणी, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाब, विष पोटात गेले तर जबरदस्तीने उलटी करवायची नाही, साप चावला तर दोरी बांधायची नाही, अवयव न हलवता दवाखाना गाठायचा. एवढे प्रत्येक मोहल्ल्यात दहा जणांना यायला काय हरकत आहे?

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे सल्ला विचारायला येतात. मुलाला डॉक्टर करायचे स्वप्न सगळ्यांचे असते. मुलगी नर्सिंगचे नाव काढते तेव्हा मात्र घरात शांतता पसरते. अशा घरांना आम्ही आता कोटणिसांची हकीकत सांगतो, आणि त्यांच्या बेगम नर्सिंग शिकवत होत्या हेही सांगतो. आणि मांडवामागचा तो नळही आठवून देतो. त्या माणसाचा पाय बरा झाला. तो आता पुन्हा देगी चढवतो.