उसवून शिकलेले विल्यम मॉरिस



प्रत्येक वर्गात एक तरी मूल असं असतं, ज्याचे हात गप्प बसत नाहीत. पेनाचं टोपण काढ-घाल, वहीच्या कोपऱ्याच्या गुंडाळ्या, स्वेटरचा सुटलेला धागा ओढत बसणं. आपण ओरडतो, "हात स्थिर ठेव!" इंग्लंडमधल्या मार्लबरो नावाच्या शाळेत १८४८ साली असाच एक मुलगा दाखल झाला होता. त्याच्याबद्दल एक आठवण सांगितली जाते. शाळेच्या मोठ्या खोलीत तो जाळीच्या दोरीचं एक टोक बाकाला बांधायचा आणि तासन्‌तास जाळी विणत बसायचा. बोटं आपोआप चालायची, डोकं भलतीकडेच असायचं. हा मुलगा म्हणजे विल्यम मॉरिस. पुढे कवी, लेखक, समाजवादी पुढारी, मुद्रक, आणि घरातल्या भिंती-पडदे-गालिच्यांच्या नक्षीकामात ज्यांचं नाव जगभर घेतलं जातं ते.

त्यांची वेलबुट्टी तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली असणार. आजही ती डायऱ्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, मोबाईलच्या कव्हरवर सर्रास दिसते. पण मला सांगायचंय ते त्या नक्षीबद्दल नाही. हा माणूस प्रत्येक कला अगदी पहिलीच्या विद्यार्थ्यासारखा हाताने शिकला, तेही मोठ्या वयात, याबद्दल सांगायचंय. मुलांना चरित्र सांगताना आपण "ते महान होते" इथून सुरुवात करतो आणि शिकण्याचा भाग गाळून टाकतो. मॉरिस यांच्या बाबतीत तर तोच भाग सगळ्यात रसाळ आहे.

जन्म २४ मार्च १८३४, लंडनजवळच्या वॉल्थमस्टो इथला. वडील पैशांच्या व्यवहारातले दलाल. तांब्याच्या एका खाणीत त्यांनी समभाग घेतले होते आणि ते भलतेच फळले. वडील १८४७ मध्ये गेले, तरी घरात पैशाला कमी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. मार्लबरोची शाळा तेव्हा नवी होती, शिस्त फारशी नव्हती. मॉरिस जंगलात भटकायचे, जुने दगड, जुनी चर्चं बघत हिंडायचे. १८५३ मध्ये ऑक्सफर्डला गेले ते धर्मगुरू व्हायचं ठरवून. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स हा मित्र मिळाला आणि दोघांनीही धर्मगुरूपणाचा नाद सोडून कलेची वाट धरली. मॉरिस काही काळ एका वास्तुविशारदाच्या कचेरीत राहिले, मग चित्रं काढू लागले. चित्रकार म्हणून मात्र त्यांना स्वतःचं समाधान कधी झालं नाही.

मग १८५७ च्या सुमारास त्यांनी सुई हातात घेतली. वय तेवीस. त्या काळी इंग्लंडमध्ये भद्र घरातलं भरतकाम म्हणजे बायकांनी चौकटी मोजून, छापील नमुन्यावरून लोकरीची फुलं भरायची, एवढंच उरलं होतं. मॉरिस यांना जुन्या काळचे, भिंतभर लटकणारे भरीव पडदे आवडत. पण ते कसे करायचे हे शिकवणार कोण? त्यांनी जुन्या नमुन्यावरून भरतकामाची लाकडी चौकट करून घेतली, लोकर मुद्दाम रंगवून घेतली, आणि जुन्या भरतकामाचे तुकडे उसवून बघायला सुरुवात केली. सुई कुठून आत गेली, कुठून बाहेर आली, मागच्या बाजूला धागा कसा फिरला, हे उलट्या दिशेने वाचत गेले. आपल्याकडे आजीचं जुनं पोलकं उसवून नवं बेतणाऱ्या बायका हेच करायच्या.

त्या पहिल्या पडद्यावर त्यांनी झाडं, पक्षी आणि एक छोटं ब्रीद पुन्हा पुन्हा भरलं. ब्रीदाचा अर्थ साधारण असा, की मला जमलं तर. नवशिक्याला याहून शोभणारे शब्द सापडणं अवघड! पडद्याचे टाके जाडेभरडे आहेत, सगळं कापड लोकरीने नुसतं थापल्यासारखं दिसतं. घरकाम करणाऱ्या मेरी नावाच्या बाईलाही त्यांनी भरतकामात ओढलं आणि ती हौसेने करू लागली.

१८५९ मध्ये जेन बर्डन यांच्याशी लग्न झालं. जेन ऑक्सफर्डमधल्या एका घोड्यांच्या तबेल्यातल्या कामगाराची मुलगी. नवऱ्याने बायकोला शिकवलं असं चरित्रांत लिहिलेलं असतं, पण खरं म्हणजे दोघं मिळून शिकले. जुने तुकडे घ्यायचे, उसवायचे, टाका समजून घ्यायचा, पुन्हा घालायचा. जेन यांना लंडनच्या एका दुकानात निळं जाडंभरडं सर्ज कापड मिळालं. त्यावर दोघांनी साध्या फुलांचे झुबके भरले. नवीन बांधलेल्या 'रेड हाऊस'मधल्या त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतींसाठी हे पडदे होते. घर सजवताना बाजारात मनासारखं काही मिळेना, म्हणून मित्रमंडळी एकत्र आली आणि त्यातूनच १८६१ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. जेन यांची बहीण बेसी भरतकामात इतकी तरबेज झाली की पुढे तिने लंडनच्या भरतकामाच्या शाळेत शिकवलं. नाव मात्र सगळीकडे मॉरिस यांचं राहिलं. हे मुलींना सांगायला हवं असं मला वाटतं.

आता रंगांकडे येऊ, कारण इथे मॉरिस खऱ्या अर्थाने पुन्हा विद्यार्थी झाले.

१८५६ मध्ये पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने प्रयोगशाळेत जांभळा रंग तयार केला आणि रासायनिक रंगांचा पूर आला. स्वस्त, भडक, आणि पुष्कळदा उन्हाने विटणारे. मॉरिस यांना ते डोळ्यांसमोर नकोसे झाले. तोवर ते चाळिशीत पोचले होते, कवी म्हणून नाव झालं होतं, कंपनी चालू होती. दुसरा कोणी असता तर रंगाऱ्याला हुकूम सोडून मोकळा झाला असता. मॉरिस १८७५ पासून स्टॅफर्डशरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊन स्वतः पिंपांपाशी उभे राहिले. पायात लाकडी खडावांसारखे जोडे, अंगात कामगाराचा सदरा, हात कोपरापर्यंत निळे. जुने वनस्पतिग्रंथ धुंडाळले. तांबड्यासाठी मॅडर, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली मुळं, पिवळ्यासाठी वेल्ड नावाचं झुडूप, तपकिरीसाठी अक्रोड, आणि निळ्यासाठी नीळ. हे वॉर्डल पुढे १८८५-८६ मध्ये रेशमाच्या अभ्यासासाठी बंगालमध्ये येऊन गेले.

निळीचं पिंप हा विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखा विषय आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती विरघळावी म्हणून पिंपात तिचं क्षपण करावं लागतं. कापड त्यात बुडवून वर काढलं की ते निळं नसतंच, पिवळट-हिरवं असतं! हवा लागली की बघता बघता निळं होतं. पिंप बिघडलं तर सगळा घाणा वाया. मॉरिस यांचे असे कितीतरी घाणे वाया गेले. आणि ते तापट होते, चिडले की आदळआपट करायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंपाशी हजर.

जाता जाता एक गोष्ट. त्या काळी युरोपात जाणारी बरीचशी नीळ हिंदुस्थानातून जायची. बंगालच्या शेतकऱ्यांनी निळीच्या सक्तीविरुद्ध १८५९-६० मध्ये बंड केलं होतं. सुंदर निळ्या पडद्याची गोष्ट सांगताना मुलांना ही दुसरी बाजूही कळली तर इतिहासाचा धडा आपोआप जोडला जाईल.

१८७८ मध्ये मॉरिस लंडनच्या हॅमरस्मिथ भागात नदीकाठच्या घरात राहायला आले. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीतच टॅपेस्ट्रीचा माग उभा केला. टॅपेस्ट्री म्हणजे चित्र विणलेला पडदा. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर जसा वरून न भरता विणतानाच, रंगागणिक वेगळा आडवा धागा जागच्या जागी फिरवून उमटवतात, तसंच हे काम. इंग्लंडमध्ये ते शिकवणारं कुणी त्यांना सापडेना. त्यांनी अठराव्या शतकातलं एक फ्रेंच पुस्तक मिळवलं आणि त्यातल्या आकृत्या बघून एकट्याने सुरुवात केली. या उभ्या मागावर विणणारा पडद्याच्या मागच्या बाजूला बसतो. पुढची बाजू दिसावी म्हणून समोर आरसा लावतात, आणि उभ्या धाग्यांच्या फटींतून त्या आरशात आपलं काम बघत बघत विणायचं.

पहाटे उजाडलं की मॉरिस मागावर बसत. किती तास बसलो याची ते वहीत रोज नोंद ठेवत. १० मे ते १७ सप्टेंबर १८७९ या काळात पहिला पडदा पुरा झाला. लागलेले तास : ५१६. दिवस मोजले तर १३१ भरतात, म्हणजे सरासरी रोज जवळजवळ चार तास. तेही कंपनीचा कारभार, लेखन, व्याख्यानं सांभाळून. पडद्यावर द्राक्षवेल आणि अॅकँथस नावाच्या झाडाची मोठी मोठी पानं होती. पानं जरा जास्तच फोफावली, म्हणून मॉरिस स्वतःच त्याला कोबी आणि द्राक्षवेल म्हणून चिडवायचे. स्वतःच्या कामावर असं हसता येणं मला त्या ५१६ तासांइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपल्या मुलांना एक चित्र बिघडलं की कागद चुरगळावासा वाटतो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या वहीत "नीट काढ" असा लाल शेरा मारणारे आपणच असतो.

मागावर बसल्या बसल्या ते मनात कविता रचत असत. हात गुंतले की डोकं मोकळं होतं, हा त्यांचा शाळेपासूनचा अनुभव.

पण हे चित्र एवढं गोड नाही. रोज पहाटे चार तास स्वतःच्या छंदाला देता येणं ही चैन होती आणि ती खाणीच्या पैशावर उभी होती. एकविसाव्या वर्षी त्यांना त्या समभागांतून वर्षाला सुमारे ९०० पौंड मिळू लागले होते. मजुराने जन्मात न पाहिलेली रक्कम! पुढे मर्टन अॅबे इथे १८८१ मध्ये वँडल नदीच्या काठी त्यांनी मोठी कार्यशाळा काढली. तिथे १८८३ मध्ये स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचं त्यांचं सगळ्यात गाजलेलं कापड छापलं गेलं. आधी सगळं कापड निळीत रंगवायचं, मग ठशांनी निळा रंग काढून टाकायचा, मग त्या जागी तांबडा आणि पिवळा चढवायचा. एवढी मेहनत म्हटल्यावर किंमतही तशीच. हाताने काम करण्यात माणसाला आनंद मिळाला पाहिजे, असं मॉरिस जन्मभर सांगत राहिले, आणि त्यांच्या हातच्या वस्तू विकत घेत होते फक्त श्रीमंत. ही बोच त्यांना होती. त्याच १८८३ मध्ये ते समाजवादी चळवळीत शिरले आणि पुढची कित्येक वर्षं रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभं राहून भाषणं करत फिरले. कोडं मात्र सुटलं नाही. हातमागाची साडी विणणाऱ्याच्या घरात ती साडी नसते, हे आपल्यालाही ठाऊक आहेच.

धाकटी मुलगी मे हिने १८८५ मध्ये कंपनीचा भरतकाम विभाग हाती घेतला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. योगायोग बघा, वडिलांनी सुई धरली तेही तेविसाव्या वर्षीच. कंपनी एक छान गोष्ट विकायची : कापडावर नक्षी उतरवून दिलेली, सोबत रंगीत धागे, आणि एक कोपरा भरून दिलेला. बाकीचं गिऱ्हाइकाने घरी बसून पुरं करायचं. अख्खा पडदा परवडत नसला तरी हे जरा आवाक्यातलं होतं. आणि शिकणाऱ्याला तो भरलेला कोपरा म्हणजे शेजारी बसलेली बाईच! कार्यानुभवाच्या तासाला हा प्रकार करून बघण्यासारखा आहे. चाळीस मुलांना फळ्यावर टाका काढून दाखवण्यापेक्षा प्रत्येकाच्या कापडावर दोन टाके घालून द्यावेत. वेळ लागतो खरा. आणि परीक्षा जवळ आली की हाच तास पहिला कापला जातो, हेही खरं.

मे यांनी १८९३ मध्ये भरतकामावर पुस्तक लिहिलं. बायकांना कलावंतांच्या संघात प्रवेश मिळत नव्हता, तेव्हा १९०७ मध्ये स्त्री कलावंतांचा वेगळा संघ उभा करण्यात त्या पुढे होत्या. टाक्यांच्या बारकाव्यात त्या वडिलांच्याही पुढे गेल्या असं अनेक जाणकार मानतात. मलाही ते पटतं.

मॉरिस ३ ऑक्टोबर १८९६ रोजी वयाच्या बासष्टाव्या वर्षी गेले. शेवटच्या वर्षांत त्यांनी आणखी एक कला नव्याने शिकायला घेतली होती, ती छपाईची. तिची गोष्ट एवढी मोठी आहे की तिला वेगळाच पाठ लागेल.

खेड्यातलं त्यांचं आवडतं घर, केल्म्स्कॉट मॅनर, आज लोकांना बघायला मिळतं. तिथे त्यांचा जुना लाकडी पलंग आहे. त्याच्याभोवतीचे पडदे मे यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन भरले. त्यांत कवी यीट्स यांची बहीण लिलीही होती. मॉरिस यांनी त्या पलंगावर एक कविता लिहिली होती, ती पलंगाच्या झालरीवर भरलेली आहे. अंथरायची चादर जेन यांच्या हातची. आणि त्याच घरात १८५७ मधला तो पहिला पडदा जपून ठेवला आहे, जाड्याभरड्या टाक्यांचा, एकसारखी झाडं आणि पक्षी भरलेला.