दातांतील अदृश्य जगाचा पहिला साक्षीदार

रूट कॅनालसाठी खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर आता अनेक दवाखान्यांत एक लांब दांड्याचा सूक्ष्मदर्शक येऊन स्थिरावतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी दाढेतील चौथी नलिका, मुळाला गेलेला केसाएवढा तडा, जुन्या भरावाच्या कडेला राहिलेली फट डॉक्टरांना त्यातून स्पष्ट दिसते. दात आणि भिंग यांचे हे नाते मात्र जुने आहे. ते पहिल्यांदा जोडले, ते एका कापड व्यापाऱ्याने. त्याच्याकडे ना वैद्यकाची पदवी होती, ना लॅटिन भाषेचे ज्ञान. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराचा रहिवासी असलेल्या या गृहस्थाचे नाव अँटनी व्हॅन लीवेनहूक.

लीवेनहूक यांचा जन्म ऑक्टोबर १६३२ मधला. प्रसिद्ध चित्रकार योहान व्हर्मीर यांचा जन्मही त्याच गावातला आणि त्याच महिन्यातला. वडील टोपल्या विणणारे. मुलगा लहान असतानाच ते वारले. सोळाव्या वर्षी अँटनी ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी गेले. १६५४ मध्ये ते डेल्फ्टला परतले, विवाह केला आणि कापडाचे दुकान थाटले. कापडाचा पोत तपासण्यासाठी त्या काळचे व्यापारी साधे भिंग वापरत. धागे मोजण्याच्या या सवयीतूनच त्यांना भिंगाची ओढ लागली असावी, असे मानले जाते.

संसाराने मात्र त्यांना फारसे सुख दिले नाही. पहिल्या पत्नीपासून झालेल्या पाच अपत्यांपैकी चार तान्हेपणीच दगावली. १६६६ मध्ये पत्नीचेही निधन झाले. मारिया ही एकच मुलगी उरली आणि तिने आयुष्यभर वडिलांची साथ केली. दरम्यान १६६० मध्ये त्यांना नगरसभेत एक छोटी, पण कायम उत्पन्नाची नोकरी मिळाली होती. पुढे ते भूमापक झाले, मद्याची पिंपे मोजणारे अधिकारीही झाले. चरितार्थाची विवंचना मिटली आणि उरलेला वेळ भिंगांना देता आला.

त्यांचा सूक्ष्मदर्शक आजच्या यंत्रांच्या तुलनेत खेळण्यासारखा वाटावा. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पत्र्यांमध्ये बसवलेले एकच इवलेसे भिंग, वस्तू टोचण्यासाठी एक सुई आणि ती पुढे-मागे सरकवणारे स्क्रू, एवढाच सरंजाम. तो डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे धरावा लागे. अशी पाचशेहून अधिक उपकरणे व भिंगे त्यांनी घडवली. उट्रेख्ट येथे जतन केलेला त्यांचा सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखवतो.

१६७३ मध्ये डेल्फ्टमधील वैद्य रेनिअर द ग्राफ यांनी त्यांच्या कामाची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. तेव्हापासून सुमारे पन्नास वर्षे लीवेनहूक सोसायटीला पत्रे लिहीत राहिले. त्यांना केवळ डच भाषा येत असे. ही पत्रे भाषांतरित होऊन सोसायटीच्या नियतकालिकात छापली जात. १६७६ च्या पत्रात पाण्यात वळवळणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन होते. त्यावर विश्वास कोण ठेवणार? डेल्फ्टच्या या दुकानदाराने धर्मोपदेशक आणि नोटरी यांच्यासह आठ प्रतिष्ठितांच्या लेखी साक्षी पाठवल्या. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये तेच जीव सदस्यांना प्रत्यक्ष दाखवले आणि शंका मिटली. १६८० मध्ये लीवेनहूक यांची सोसायटीच्या सदस्यपदी निवड झाली.

दातांकडे त्यांचे लक्ष त्याआधीच गेले होते. १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत त्यांनी दात हा एकसंध दगड नसून बारीक, पारदर्शक नळ्यांनी बनलेला असल्याचे नोंदवले. याच नळ्यांमधून जंतू दाताच्या आत शिरतात, हे आज दंतवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो.

सर्वांत गाजलेले पत्र मात्र सप्टेंबर १६८३ चे. पन्नाशी ओलांडलेले लीवेनहूक रोज सकाळी मिठाने दात घासत, दातकोरणी वापरत आणि फडक्याने दात पुसत. त्या वयाच्या माणसांत इतके स्वच्छ दात विरळाच, याची त्यांना जाणीव होती. तरीही दाढांच्या फटीत भिजवलेल्या पिठासारखा पांढरा थर साचतोच, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तो थर काढला, पावसाच्या स्वच्छ पाण्यात आणि लाळेत मिसळला आणि भिंगाखाली धरला. त्यात असंख्य जीव हालचाल करत होते. काही बाणासारखे सरळ धावत, काही भोवऱ्यासारखे गरगरत. मानवी तोंडातील जिवाणूंचे हे पहिले लेखी वर्णन. मग त्यांनी दोन स्त्रिया, एक आठ वर्षांचे मूल आणि आयुष्यात कधीही दात न घासलेला एक वृद्ध यांच्या दातांवरील थर तपासला. वृद्धाच्या तोंडात तर या जीवांची अक्षरशः जत्राच भरली होती.

त्यांनी एक प्रयोगही केला. बाहेर काढलेल्या थरात व्हिनेगर मिसळताच जीव मरत. परंतु व्हिनेगरने चूळ भरली, तरी दातांवरील थराच्या आतले जीव जिवंतच राहत. औषध वरच्या पापुद्र्यापलीकडे पोहोचत नाही, हा निष्कर्ष त्यांनी तेव्हाच काढला. चूळ भरण्याच्या द्रवाने दात घासण्याची जागा घेता येत नाही, हा आजचा सल्ला याच तत्त्वावर उभा आहे. १६९२ मध्ये त्यांना पुढच्या दातांवर हे जीव दिसेनासे झाले, तेव्हा सकाळच्या गरम कॉफीवर त्यांचा संशय गेला. कॉफीचा चटका न पोहोचणाऱ्या मागच्या दाढांत ते सापडलेही.

दात दुखतो तो आतल्या किड्यामुळे, हा समज त्या काळी युरोपात सर्वत्र होता. मराठीत आपण आजही दाताला कीड लागली म्हणतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ती कीड पाडण्याचा उपायही आपल्याकडे चालत असे. १७०० च्या सुमारास, धुरी देऊन दातातून पाडले म्हणून सांगितलेले किडे लीवेनहूक यांच्याकडे तपासणीसाठी आले. चीजमध्ये वाढणाऱ्या माशीच्या अळ्यांशी त्यांनी ते ताडून पाहिले. दोन्ही एकच निघाले.

तरीही एक मोठा दुवा निसटला. दातांवरचे हे जीवच दात पोखरण्यास कारणीभूत असतील, असा विचार त्यांनी केला नाही; त्या काळात तो कुणीच केला नाही. त्याला त्यांचा स्वभावही काही अंशी कारणीभूत ठरला. आपली उत्तम भिंगे त्यांनी पाहुण्यांना दाखवली नाहीत, घडवण्याची रीत सांगितली नाही, शिष्य घडवले नाहीत. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर त्यांच्या भेटीला आला. पण कौशल्य त्यांच्यासोबतच गेले. २०२१ मध्ये न्यूट्रॉन किरणांनी उट्रेख्टच्या उपकरणाच्या आत डोकावले, तेव्हा भिंग काचेचा तंतू वितळवून केलेल्या गोलकाचे निघाले. ही पद्धत हूक यांनी १६६५ मध्येच छापून जाहीर केली होती! गुपित म्हणावे असे त्यात फार थोडे होते. प्रश्न चिकाटीचा होता.

जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरते, हे बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० च्या ग्रंथात मांडले. लीवेनहूक यांच्या पत्राला तोवर दोनशे वर्षे उलटली होती. भिंग दंतवैद्याच्या खुर्चीपाशी यायला आणखी नव्वद वर्षे लागली. खास दंतोपचारांसाठीचा सूक्ष्मदर्शक १९८१ मध्ये अमेरिकेत आला, पण गैरसोयीचा असल्याने काही वर्षांतच मागे पडला. पुढे सुधारित उपकरणे आली आणि १९९८ पासून तेथे रूट कॅनालच्या पदव्युत्तर शिक्षणात त्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. तीन ते वीस-पंचवीस पट मोठे दाखवणारी ही यंत्रे मोठेपणाच्या मोजमापात लीवेनहूक यांच्या भिंगाच्या जवळपासही नाहीत. पण त्यांत प्रकाश आहे, दोन्ही डोळ्यांना दिसणारी खोली आहे आणि डॉक्टरांचे दोन्ही हात मोकळे आहेत.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदी ओलांडलेल्या लीवेनहूक यांचे निधन झाले. श्वासपटलाच्या ज्या विकाराने ते अखेरीस त्रस्त होते, त्याचेही बारकाईने वर्णन त्यांनी सोसायटीला कळवले होते. चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक त्यांनी सोसायटीला देणगी म्हणून ठेवले. ते पुढे हरवले. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. तोंडात साचणारा पांढरा थर किळस न बाळगता भिंगाखाली धरणारा हा माणूस गेला, तेव्हा युरोपातील वैद्य दातदुखीवर धुरीच देत होते.