विल्यम विल्सन साँडर्स

कापूस वेचताना बोंडातली गुलाबी अळी ज्याने पाहिली नाही, असा विद्यार्थी आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात विरळाच. या अळीच्या पतंगाला शास्त्रात प्रथम नाव देणारे गृहस्थ व्यवसायाने विमेवाले होते, हे कळले तेव्हा आम्हांस नवल वाटले.

विल्यम विल्सन साँडर्स यांचा जन्म १८०९ साली इंग्लंडात झाला. लष्करी अभियंता म्हणून ते १८३० मध्ये हिंदुस्थानात आले. पण दोनच वर्षांत नोकरी सोडून परतले व श्वशुरांबरोबर लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात व्यवसाय करू लागले. दिवस आकडेमोडीत जाई, मन मात्र किड्यांत आणि वनस्पतींत गुंतलेले. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेचे ते दोनदा अध्यक्ष झाले. आल्फ्रेड वॉलेस यांनी मलाया द्वीपसमूहातून पाठविलेले पुष्कळ कीटक त्यांनी पदरचे पैसे मोजून विकत घेतले.

भडोचच्या सरकारी कापूसमळ्यात बोंडे नासू लागली, तेव्हा १८४२ साली तेथील पतंग लंडनला पाठविण्यात आले. साँडर्स यांनी त्यांचे वर्णन लिहिले व 'डिप्रेसारिया गॉसिपिएला' असे नाव दिले. गॉसिपियम म्हणजे कपाशी. नावातच पीक आले.

हा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा. पंख पसरले तरी जेमतेम २ सेंटीमीटर भरतो. दिवसा दडून बसतो, रात्री उडतो. मादी कळ्यांवर व बोंडांवर अंडी घालते. अळी कळीत शिरली की फूल नीट उमलत नाही. तीच आपली डोमकळी. बोंडात शिरल्यावर छिद्र बुजून जाते आणि अळी आत निवांत सरकी खाते. मग वरून कितीही फवारणी करा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही! हंगाम संपला की ती सरकीत किंवा पऱ्हाटीत निजून राहते. अशा सरकीबरोबरच ती विसाव्या शतकाच्या आरंभी मिसर देशात व तेथून अमेरिका खंडात गेली. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कपाशी आली. काही वर्षांतच ही अळी तिलाही पुरून उरली.

साँडर्स यांना १८७३ मध्ये व्यवसायात जबर तोटा आला. आयुष्यभर जमविलेला संग्रह विकावा लागला. ते वर्दिंग या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले व १८७९ साली तेथेच वारले.

पुढे १९१७ मध्ये ऑगस्ट बुस्क यांनी या पतंगासाठी पेक्टिनोफोरा ही नवी प्रजाती स्थापिली. जातीचे नाव मात्र तेच राहिले. प्रजाती बदलली की मूळ नामकर्त्याचे नाव कंसात लिहावयाचे, असा शास्त्राचा नियम आहे. म्हणून पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या नावापुढे आजही कंसात साँडर्स असे लिहितात.