प्लेगशी झुंजणारे हाफकिन



मुंबईला परळ भागात हाफकिन संस्था आहे. पोलिओचे डोस, साप चावल्यावर टोचायचे औषध यांच्याशी हे नाव जोडलेले आहे. पण हे हाफकिन कोण? ते आपल्या देशातले नव्हते. तरीही महाराष्ट्रावर त्यांचे उपकार फार मोठे आहेत. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र देत आहोत.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या शहरात झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या राज्यात होते, आता ते युक्रेन देशात आहे. तिथल्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ नावाचे थोर गुरुजी लाभले. या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली एक साधा प्रयोग केला होता. समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्यांनी गुलाबाचा बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काय, काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही रोगजंतूंना असाच वेढा घालून गिळतात, हे त्यांनी ओळखले. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्याच अंगाकडे बघा. रक्ताच्या अगदी टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. पायात बाभळीचा काटा मोडला की ती जागा लाल होते, ठणकते, कधी पू होतो. तो पू म्हणजे मुख्यतः लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशी. काही पेशी जंतू गिळतात. काही पेशी प्रतिद्रव्ये बनवतात. ती जंतूला चिकटली की गिळणाऱ्यांचे काम सोपे होते. आणि काही पेशी त्या जंतूची ओळख वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. शेतावरचा जागल्या एकदा पाहिलेला चोर पुन्हा ओळखतो ना, तसेच. पण जंतू नवा असला तर ओळख पटून तयारी व्हायला बरेच दिवस जातात. भयंकर रोग तेवढी सवड देत नाही. म्हणून मेलेल्या किंवा दुबळ्या केलेल्या जंतूची आधीच ओळख करून द्यायची. लस म्हणजे हेच. लढायचे काम आपल्याच पेशी करतात, लस त्यांना शिकवून ठेवते.

हाफकिन ज्यू घराण्यातले होते. त्या काळी रशियात ज्यू लोकांचा छळ होई. धर्म बदलला असता तर त्यांना चांगली नोकरी मिळाली असती, पण ते त्यांनी मान्य केले नाही. १८८९ साली ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तिथे सुरुवातीला त्यांना ग्रंथालयात काम मिळाले. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. असे करून त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले. गावोगाव फिरून त्यांनी चाळीस हजारांहून जास्त लोकांना ती लस टोचली.

१८९६ साली मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ सुरू झाली. घरात उंदीर पडू लागले की समजायचे, प्लेग आला. उंदरांवरच्या पिसवा माणसाला चावत आणि काखेत, जांघेत गाठ येई. दोनचार दिवसांत धडधाकट माणूस जाई. लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातही प्लेग आला. भगूर गावी १८९९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनेच वारले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईला आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडी जागा आणि मोजकी माणसे मिळाली. मांसाच्या रश्श्यात ते प्लेगचे जंतू वाढवत आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. हो, आपले साधे तूप! तुपाच्या थेंबांखाली जंतूंची वाढ धाग्यांसारखी लोंबत असे. जंतू पुरेसे वाढले की ते ऊन करून मारायचे. तीन महिने रात्रंदिवस खपून लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती पहिल्यांदा स्वतःच टोचून घेतली. त्यांना ताप भरला, पण ते सुखरूप राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी राजी झाले त्यांना लस दिली. न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात रोग पुष्कळ कमी झाला. ही लस प्रत्येकाला वाचवी असे नाही, पण मरणारांची संख्या तिने खूप घटली.

तरी लोक घाबरत. नाही नाही त्या अफवा उठत. तेव्हा आगाखान यांनी स्वतः पुढे होऊन लस घेतली, मग त्यांचे अनुयायीही आले. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात हाफकिन यांची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

पुढे मात्र घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. खरे काय होते? ती बाटली उघडण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हिवतापावर संशोधन करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते परत भारतात आले आणि कलकत्त्याला काम करू लागले. पाच वर्षे अपमान सोसूनही त्यांनी या देशाशी वैर धरले नाही.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे ते वारले.

आज प्लेगवर गुणकारी औषधे आहेत. ज्या धनुर्वाताने मुलकोवालचे १९ जण गेले, त्याचीही लस आता आहे. घटसर्पाच्या लशीबरोबर ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरी टोचायचा दिवस आला की काही मुले शाळेला दांडी मारतात, आणि काही घरची माणसेही ताप येईल म्हणून नको म्हणतात. पालकहो, तो थोडा ताप म्हणजे आतल्या पेशींची तालीम असते, एकदोन दिवसांत उतरतो. सुई मात्र नवी आणि निर्जंतुक आहे ना, एवढे जरूर विचारावे. मुलकोवालचा धडा तोच आहे.

आणि मित्रांनो, आपण सुईला घाबरतो, पण आधी कुणी टोचून पाहिलेले नसताना हाफकिन यांनी आपलाच दंड पुढे केला होता, हे विसरू नका.

— इयत्ता सातवी