धूर आणि थंडी

पुण्याच्या जुन्या वाड्यांची रचना विचारपूर्वक केलेली असे. मध्यभागी उघडा चौक, भोवती ओसऱ्या, जाड भिंती आणि स्वयंपाकघराच्या वर धुराडे. चौकातून उजेड व वारा आत येई आणि चुलीचा धूर धुराड्यावाटे बाहेर जाई. हिवाळ्यात शेगडी पेटविली, म्हणजे थंडीचे निवारण होई.

अशा प्रदेशातून आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस गेल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला होता. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-वैद्याची किती गरज आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील हिवाळा मोठा कडक. बर्फ पडू लागले, की त्या काळी दारे-खिडक्या लावून घेत आणि भिंतीतील कोनाड्यात विस्तव पेटवीत. विस्तवाने तापलेली हवा हलकी होऊन धुरासह धुराड्यातून वर चढते आणि तिची जागा घेण्यास खालून ताजी हवा येते. हा प्रवाह नीट चालला, तरच खोली उबदार राहते. धुराडे चोंदले किंवा हवेचा ओघ मंदावला, म्हणजे धूर उलटून खोलीत पसरतो.

आनंदीबाईंना राहावयास मिळालेल्या खोलीत विस्तवाची सोय नीट नव्हती. तो पेटविला, की खोली धुराने भरून जाई. विझविला, तर थंडी अंगास झोंबे. धूर किंवा थंडी, यांतील एक सोसणे त्यांना भागच होते. प्रकृती ढासळत गेली. परंतु त्यांनी अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने त्यांना गाठले. हा रोग जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविले होते. मात्र त्यावर गुणकारी औषध तेव्हा नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

घरात ऊब हवी, तशीच शुद्ध हवाही हवी. आनंदीबाईंना त्या खोलीत या दोन्ही गोष्टी एकत्र लाभल्या नाहीत. तरीही हाती घेतलेले शिक्षण त्यांनी तडीस नेले.